कुसुमची गॅलरी

मुलांनो, तुमच्या आईने तुम्हाला फोनवर सांगितलं की कुसुमआजी गॅलरीतून पडली. तसं झालं नाही. ती झाडांना पाणी घालत होती आणि गॅलरीच तिच्यासकट खाली गेली. डोंबिवलीहून तिच्या यजमानांचा, मुकुंदरावांचा फोन आला, तेव्हा ते एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होते, "ताई, दार उघडं आहे आणि बाहेर काहीच नाही..."

कुसुम माझी धाकटी बहीण. लग्न होऊन ती मानपाड्याजवळच्या इमारतीत आली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या चिंचोळ्या गॅलरीत रमली. आधी कुंड्या आल्या, मग मातीने भरलेले ड्रम, मग जुन्या लाद्यांवरच नव्या लाद्या. मी ठाण्याहून गेले की चहा तिथेच. "तुमच्या वर्तकनगरात गॅलऱ्या कबुतरांसाठी असतात," ती चिडवायची, "इथे बघ, मोगरा!"

पाणी मात्र झिरपायचं, खाली राहणाऱ्या शैलाताईंच्या गॅलरीत. एका उन्हाळ्यात त्यांचे पापड भिजले. त्या खालून ओरडल्या, "कुसुमताई, तुमचा पाऊस आमच्याकडे बारा महिने!" कुसुमने वाकून उत्तर दिलं, "मग छत्री लावून वाळवा!" ती हसली, मीही हसले. शैलाताई हसल्या नाहीत. त्यानंतर दोन्ही घरांचं बोलणं तुटलं. संक्रांतीचा तिळगूळसुद्धा वर-खाली जाईना.

गॅलरी एकाच बाजूने घराला धरून असते. भिंतीतून आलेल्या सळ्या तिचा सगळा भार पेलतात. पाणी मुरलं की त्या गंजून फुगतात, सिमेंटचे पापुद्रे सुटतात. पण आपल्या गॅलरीचं पोट आपल्याला कुठे दिसतं? ते खालच्या घराला दिसतं. शैलाताईंना तांबूस ओघळ दिसले होते, एक सळीही उघडी पडलेली दिसली होती. त्यांच्या लेखी ते त्यांचं छत. गणपतीत पाहुणे येणार म्हणून त्यांनी गिलावा करून वर पांढरा रंग दिला. कुसुमला सांगायचं, तर आधी बोलायला हवं होतं...

कुसुमचं तेरावं माझ्या घरी झालं. शैलाताई आल्या आणि दाराबाहेरच उभ्या राहिल्या. "मी लपवलं नाही हो. बरं दिसावं म्हणून रंग दिला." मुकुंदराव उठून दारापर्यंत गेले. "आत या. खाली काय दिसतंय, हे आम्ही तरी कधी विचारलं तुम्हाला?" मग दोघंही रडत राहिली. मला रागवायलासुद्धा कोणी उरलं नाही.

तिकडे तुमच्या घरामागे लाकडी डेक आहे, म्हणजे एक गॅलरीच, वाढदिवसाला त्यावर किती माणसं उभी असतात ते मी फोटोत पाहिलंय. तो भिंतीला जिथे जोडलाय, तिथे एकदा खाली वाकून बघा. लाकूड मऊ पडलंय का, खिळे-बोल्ट गंजलेत का, कठडा हलतो का. एवढं आजीसाठी करा.

कुसुमची इमारत रिकामी केली, तेव्हापासून मुकुंदराव माझ्याकडेच आहेत. सकाळी आपला पंचा स्वतः धुतात, पिळतात आणि गॅलरीच्या दारापर्यंत येऊन थांबतात. इंजिनिअरला बोलावून आमची गॅलरी तपासून घेतली, ती पक्की आहे, हे मी त्यांना कितीदा सांगितलं. ते मान हलवतात. पंचा वाळत घालायला मी पुढे झाले की लहान मुलासारखं माझ्या पदराचं टोक धरतात. "ताई, तुम्ही नका जाऊ."

मग पंचा आतच, खुर्चीच्या पाठीवर वाळतो.