टेलरबाईंची परीक्षा

माझ्या सासूबाई चाळीस वर्षं टेलर होत्या. घराच्या पुढच्या खोलीत दोन मशिनं, एक लांब टेबल आणि दारावर हातभर पाटी. शाळेच्या गणवेशांपासून वकिलांच्या काळ्या कोटांपर्यंत सगळं त्यांच्या कात्रीखालून गेलेलं. रस्त्यात कुणी त्यांना नावाने हाक मारत नसे. सगळ्यांच्या त्या टेलरबाई.

त्यांची एक खोड होती. माप कधी वहीत लिहायच्या नाहीत. गिऱ्हाइकाच्या अंगावर टेप फिरवायच्या, एकदा वरपासून खालपर्यंत बघायच्या, झालं. लग्न होऊन आले तेव्हा मी शहाणपणा करून एक वही आणून दिली. त्यात त्यांनी दुधाचा हिशोब लिहिला. पहिली दोन वर्षं आमचं पटलं नाही ते उगाच नाही.

आता त्यांना सकाळी आपण जेवलो की नाही ते दुपारी आठवत नाही. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि दर मंगळवारी एक मुलगी घरी पाठवायला सुरुवात केली. तिच्या पिशवीत चित्रांची कार्डं, अक्षरांचे ठोकळे, कोडी. मी तिला खेळवाली म्हणते. मुलगी गोड होती, त्यावरून माझं काही भांडण नव्हतं. भांडण त्या कार्डांशी होतं.

"आजी, हा कोण बरं?" खेळवाली हत्तीचं कार्ड नाचवायची.

"तुला माहीत नाही?" सासूबाई विचारायच्या.

"मला माहितीये, पण तुम्ही सांगा ना."

"माहितीये तर विचारतेस कशाला? माझा वेळ फुकट आलाय का?"

शंभरातून सात, त्यातून पुन्हा सात वजा करत जा म्हटलं तर म्हणायच्या, "एवढं कापड कोणी वाया घालवतं का?" एका मिनिटात दहा प्राणी सांगा म्हटलं की तोंड फिरवून बसायच्या. खेळवाली बिचारी कागदावर शून्य लिहायची. तिच्या कागदात उद्धटपणाला वेगळा रकाना नव्हता.

एकदा माझंच डोकं फिरलं. ठोकळे बाजूला सारले आणि म्हटलं, "आई, शर्टाला काय काय लागतं ते सांगा, मी विसरले."

"तुला आलं कधी होतं?" त्या म्हणाल्या आणि सुरू झाल्या. "पुढा, पाठ, खांदा, बाही, कफ, कॉलर, कॉलरच्या आतलं कॅनव्हास, खिसा, काजपट्टी, बटणपट्टी…" बोटं टेबलावर नसलेलं कापड सारखं करत होती. मी मोजत होते, सतरा झाले. खेळवाली हळूच म्हणाली, "ताई, पण प्रश्न प्राण्यांचा आहे." मी म्हटलं, "मग प्राण्यांच्या डॉक्टरला विचारा."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण माझ्या नणंदेने एका संस्थेत पलंग धरून ठेवला होता. तिथल्या अशा रुग्णांच्या मजल्याला बाहेरून कुलूप असतं. संस्थेचा नियम असा की खेळवाली अधूनमधून घेते त्या परीक्षेत तीसपैकी बाराच्या खाली गुण आले की तिथे जागा. गेल्या वेळी सासूबाईंना तेरा आले होते. या वेळी बारा आले नाहीत तर पाठवायचं, असं नणंदेने ठरवलं आणि माझ्या नवऱ्याने मान डोलावली.

त्याने का डोलावली ते मला माहीत होतं. चार महिन्यांपासून आई त्याला ओळखत नव्हती. तो कामावरून आला की त्या उठून उभ्या राहायच्या. "या, बसा. माप द्यायचंय का?" पोटच्या मुलाला अहो-जाहो! पहिल्यांदा तो हसला. नंतर तो मागच्या दाराने घरात यायला लागला. मला त्याचा राग यायचा आणि दयाही यायची, आणि दोन्ही एकदम आलं की मी भांडी आपटते.

परीक्षेच्या आधी आठ दिवस मी त्यांच्या मागे लागले. फोटो पुढे धरून, "हा तुमचा मुलगा, याचं नाव सांगा." त्या फोटोकडे बघून म्हणायच्या, "कॉलर चुकलीये." शेवटी मी हात टेकले.

मंगळवारी खेळवाली मोठा कागद घेऊन आली. नवराही रजा काढून घरी थांबला. वार विचारला, चुकला. महिना चुकला. घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं तर सुंदर गोल काढला आणि त्याला चार भोकं पाडून बटण केलं. मी कागदाकडे चोरून बघत होते. शेवटच्या पानापर्यंत आलो तेव्हा नऊ झाले होते. घरातलं माणूस ओळखण्याला तीन गुण होते. ते मिळाले तर बारा.

खेळवालीने माझ्या नवऱ्याला समोर उभं केलं. "आजी, हे कोण?"

सासूबाईंनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "छाती चाळीस. गळा साडेपंधरा. उजवी बाही चोवीस, डावी साडेतेवीस."

"नाव, आजी. यांचं नाव काय?"

"नावाचा शर्ट शिवतात का?"

खेळवालीचं पेन शून्याकडे वळलं. मी ते धरलं. "थांब. आधी बरोबर आहे का बघ."

"अगं, दोन्ही बाह्या सारख्याच असतात," नवरा वैतागून म्हणाला. "सोड ना आता."

मी सोडलं नाही. टेप आणली आणि मापं घेतली. चाळीस. साडेपंधरा. उजवा हात चोवीस. डावा हात मी दोनदा मोजला, मग खेळवालीला मोजायला लावला. साडेतेवीस.

नवरा आपल्याच हातांकडे बघत राहिला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, त्याला हे माहीत नव्हतं.

सासूबाईंनी माझ्या हातातून टेप घेतली आणि गळ्यात टाकली. "त्यात लाजायचं काही नाही हो," त्या त्याला समजावून म्हणाल्या. "माझ्या मुलाचंही असंच आहे. सात वर्षांचा असताना जिन्यावरून पडला. हाड जुळलं, पण हात जरा आखूड राहिला. मी त्याला कळूच दिलं नाही. शाळेच्या शर्टापासून लग्नाच्या कोटापर्यंत त्याची डावी बाही अर्धा इंच कमी कापली. चिडवलं असतं ना पोरांनी." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुम्हाला कधी भेटला तर बोलू नका त्याच्यापाशी."

"नाही बोलणार," नवरा म्हणाला. मला रडू फुटलं, आणि मी ते लपवलं नाही.

खेळवालीने डोळे पुसले. "ताई, खरंच सांगते, मला पूर्ण गुण द्यावेसे वाटतायत. पण नाव सांगितल्याशिवाय…"

"शून्य लिहा," नवरा म्हणाला. "नीट, ठळक लिहा."

तिने लिहिलं. मग त्याने तिथेच, आईच्या समोर उभं राहून बहिणीला फोन लावला.

"नऊ आले," तो म्हणाला. "आणि ती कुठेही जाणार नाही."