बाबांच्या खोलीतले स्पीकर

आमच्या परभणीच्या घरात खाली एक खोली आहे. तिच्यात नवऱ्याचं होम थिएटर आहे, आणि त्या खोलीचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून टाकते. पुढं कुणाला वाटायला नको की बाई उगाच कडू बोलायलीय. पूर्वी मी नवऱ्याला चारचौघांत ‘हे’ म्हणायचे. आता लिहिताना नवरा म्हणते, तेवढंच पुरे आहे.

ती खोली बाबांची होती. घर बांधायला काढलं तेव्हा नकाशावर बोट ठेवून मी इंजिनिअरला सांगितलं होतं, ही खोली खालीच पाहिजे, दाराला उंबरा नको, आत कमोडचा संडास पाहिजे आणि खिडकी रस्त्याच्या बाजूला पाहिजे, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला येणारं-जाणारं दिसेल. मी एकुलती एक. आई गेल्यापासून बाबा पेडगावात एकटेच. शेत बटईनं दिलेलं, गुडघा कामातून गेलेला, सकाळी एकदा पिठलं टाकायचं आणि संध्याकाळी तेच गरम करून खायचं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई आहे, घराला माझाही पगार लागलाय, त्यामुळं त्या खोलीसाठी मी कुणापुढं पदर पसरला नव्हता. नवराही तेव्हा नकाशा बघून म्हणाला होता, “मामांना बरं पडेल.”

अडचण एकच होती. बाबा माझ्या बोलावण्यावर येणारे नव्हते. लेकीच्या घरी जाऊन राहायचं म्हणजे आमच्याकडच्या जुन्या माणसाला मेल्याहून मेल्यासारखं होतं. माझं लग्न झाल्यावर मला मुलगी होईपर्यंत बाबांनी माझ्या घरचं पाणीसुद्धा पिलं नव्हतं. ती झाली तेव्हा कुठं पहिला कप चहा घेतला, आणि तोही अर्धाच. आता ती मुलगी पुण्याला शिकते, तरी बाबांचा हिशोब तोच. मी म्हणायचे, “बाबा, खोली बांधलीय तुमच्यासाठी, चला.” ते म्हणायचे, “तू म्हणून काय उपेग हाय बाई? जावईबापू म्हणले पाह्यजेत. त्येंनी दारात येऊन म्हणावं, मामा चला. मंग मी यायलोच की.”

म्हणजे काय, तर नवऱ्यानं एकदा गाडी काढून पेडगावला जायचं, ओसरीवर बसायचं आणि दोन शब्द बोलायचे. परभणीपासून पेडगाव आहे तरी किती लांब! पण नवऱ्याचं खत-बियाण्याचं दुकान, आणि त्याला सवड फक्त रविवारी. मी आठवण केली की म्हणायचा, “जाऊ की या रविवारी.” रविवार यायचा, नवरा अंघोळ करून पेपर वाचत बसायचा, आणि रविवार जायचा. जास्त बोललं तर, “मी नाही म्हणलोय का? कटकट करू नको.”

मग एक दिवस म्हणाला, “खोली तोवर रिकामीच पडलीय ना,” आणि टीव्ही तिथं नेऊन ठेवला. मी म्हणलं, ठेवू द्या, टीव्ही काय, उचलला की झालं. तिथंच मी गाफील राहिले.

टीव्हीमागून पडदा आला. पडद्यामागून प्रोजेक्टर आला. मग माणसाच्या छातीएवढे उंच दोन स्पीकर आले, पडद्याखाली एक आडवा, भिंतींवर चार, छत फोडून छतात चार, आणि कोपऱ्यात दोन काळे ठोकळे, त्यांना वूफर म्हणायचं. हे सगळं बसवायला पुण्याहून एक माणूस आला होता. पायात मोजे घालून घरभर फिरायचा आणि भिंतींना टिचक्या मारायचा. खिडकीपाशी थांबून तो नवऱ्याला म्हणाला, “सर, ही खिडकी आवाजाची दुश्मन आहे.” दुसऱ्याच दिवशी खिडकी आतून फळ्या मारून बंद, आणि फळ्यांवर राखाडी स्पंजाच्या गाद्या. बाबांना रस्ता दिसावा म्हणून काढलेली खिडकी! मी भांडले. नवरा म्हणाला, “अगं, तात्पुरतं आहे.” संडासात सामानाचे रिकामे खोके छतापर्यंत रचले, कारण खोका फेकला तर म्हणे पुढं माल विकताना भाव येत नाही. कमोडवरसुद्धा खोका.

शेवटच्या दिवशी त्या माणसानं मधोमध तिकाटण्यावर एक माईक उभा केला आणि सांगितलं, आता यंत्र स्वतःच खोलीचं माप घेणार, घरात टाचणी पडल्याचाही आवाज नको. पंखे बंद, फ्रिज बंद. मी कुकर लावलेला होता. तर म्हणाला, “मॅडम, शिट्टी होणार नाही एवढं बघा.” म्हणजे मी माझ्याच स्वयंपाकघरात कुकर खाली उतरवून चोरासारखी उभी, आणि आतून ‘टुऊऊप, टुऊऊप’ असा एकेका स्पीकरचा आवाज. बाहेर भाजीवाला ओरडला तर नवरा बनियनवर रस्त्यावर पळत गेला त्याला गप्प करायला. गल्लीतल्या बाया महिनाभर मला विचारत होत्या, तुमच्यात कोण आजारी होतं का म्हणून.

तीन गुबगुबीत खुर्च्या घेतल्या होत्या. खरा आवाज मात्र फक्त मधल्या खुर्चीवर येतो, कारण माप तिथलं घेतलेलं. मधली खुर्ची नवऱ्याची. मी एकदा कौतुकानं शेजारी जाऊन बसले, तर म्हणाला, “तुला तिथं अर्धाच आवाज यायलाय बघ.” मग कशाला बसू? उठले. आणि पूर्ण पिक्चर तरी बघावा की नाही? तेही नाही. दुकानातले मित्र यायचे, त्यांना तेच तेच तुकडे लावून दाखवायचे. “हेलिकॉप्टर बघ आता, मागून येईल. आलं का? आता डोक्यावरून जायलंय.” मित्र माना वर करून छताकडं बघायचे आणि म्हणायचे, “वा! लय भारी!” हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं की माझ्या मांडणीवरच्या वाट्या थरथरायच्या, आणि मी चहा गाळत असायचे. कुठं जायचं होतं त्या हेलिकॉप्टरला, काही कळलं नाही. दर रविवारी यायचं आणि माझं डोकं उठवून जायचं.

पेडगावचं नाव काढलं की नवरा म्हणायचा, “एवढी मशीनवर धूळ बसायची बंद होऊ दे, मग बघू.” परभणीत धूळ बसायची बंद होणार आहे होय! वीज कमी-जास्त झाली की हा दुकान सोडून घरी पळत यायचा. बाबांना ताप आला होता तेव्हा मात्र दुकान सोडता आलं नाही.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं घरातलं प्रत्येक अवजार धुऊनपुसून मांडतात, हळदीकुंकू लावतात, झेंडू वाहतात. विळा, कुदळ, शिलाई मशीन, माझी स्कूटी, सगळं. वर्षभर ज्याच्या जिवावर खाल्लं त्याला हात जोडायचे. सणाला जेवायला येण्यात राहणं होत नाही, एवढी सवलत बाबांनी स्वतःला दिलेली होती, म्हणून मी ऑटो करून त्यांना घेऊन आले. येताना शेतातले झेंडू उपरण्यात बांधून आणले होते. सोफ्यावरून त्यांना उठता येईना, म्हणून मीच खालच्या खोलीतल्या उंच खुर्चीवर नेऊन बसवलं. माझ्या बापाला त्याच्या खोलीत बसवायला मी कुणाला विचारायला हवं होतं?

बाबा सगळीकडं बघत म्हणाले, “ही समदी जावईबापूंची मशीन?”

“हो.”

“लय जीव हाय म्हण त्येंचा हिच्यावर.”

“लय,” मी म्हणलं, आणि पुरण वाटायला गेले.

नवरा दुकानातल्या काट्याची पूजा करायला गेलेला. मी पोळ्या लाटत होते. आणि माझ्या बाबांनी, त्या सरळ माणसानं, काय केलं? बाकी सगळ्या अवजारांना हळदीकुंकू लागलं आणि जावयाच्या एवढ्या मोठ्या मशीनलाच तेवढं राहिलं, हे त्यांना बघवलं नाही. तांब्यातल्या पाण्यात बोटं बुडवून एकेका स्पीकरला हळद लावली, मग कुंकू लावलं. स्पीकरच्या जाळ्या नवऱ्यानं काढून ठेवलेल्या असायच्या, जाळीनं आवाज दबतो म्हणून. वर मधोमध जो मऊ गोल फुगवटा असतो, बारीक आवाज ज्याच्यातून येतो, ट्वीटर म्हणतात त्याला, तेच बाबांना कपाळ वाटलं असणार. तिथंच नेमकं दाबून बोट टेकवलं. शेतातल्या माणसाचं बोट ते. दोन्ही उंच स्पीकरांचे फुगवटे आत गेले. वर झेंडू ठेवले, उदबत्ती लावली, आणि एका पायावर जोर देऊन हात जोडून उभे राहिले.

त्याच वेळेला नवरा मित्रांना घेऊन आला. मी त्याचा आवाज ऐकून धावले. तो म्हणाला, आणि हे शब्द मी मरेपर्यंत विसरणार नाही, “यांना आत कुणी सोडलं?”

सोडलं! गुरं सोडतात, ढोरं सोडतात. आमच्या घरात, त्याच्या बायकोच्या बापाला, मित्रांच्या देखत.

बाबा घाबरले. “चुकलं बापू. अवजार म्हणून केलं मी,” म्हणाले, आणि उपरण्याच्या टोकानं कुंकू पुसायला गेले. नवऱ्यानं त्यांचा हात झटकला. जोरात नाही झटकला, असं तो अजून म्हणतो. मी तिथंच होते. बाबांचा तोल गेला आणि त्यांनी खुर्ची धरली. मित्र चपला घालायला लागले. बाबा परत म्हणाले, “चुकलं.” त्यांच्या नातीच्या वयाची पोरंसुद्धा एवढी माफी मागत नाहीत.

बाबा न जेवताच निघाले. मी पोळ्या डब्यात भरल्या, गॅस बंद केला आणि त्यांच्याबरोबर ऑटोत बसले. नवरा तेव्हा पुण्याला फोनवर बोलत होता, “हो, ट्वीटर, दोन्ही गेले, दोन्ही.” मी गेले हे त्याला कधी कळलं ते मला माहीत नाही.

नवरा दुकानात असताना एक दिवस घरून माझी स्कूटी घेऊन आले, आणि पेडगावात राहून तिच्यावर शाळेला जायला लागले. नवऱ्याचे फोन यायचे. आधी, “कधी येतेस?” मग, “लोक काय म्हणतील?” मग, “पुण्याहून सामान आलं, बसवलं, आता पहिल्यासारखं वाजतंय.” हा तिसरा फोन मी मधेच बंद केला. बाबा रोज म्हणायचे, “जा बाई आपल्या घरी. माझ्यामुळं कशाला?”

दिवाळी झाल्यावर नवरा आला. गाडी दारात थांबली तशी बाबांची काय धांदल! बाजेवर धुतलेली चादर टाकली, जावयाला बाजेवर बसवलं, आणि स्वतः त्या गुडघ्यानं खाली टेकले. नवरा म्हणाला, “मामा, झालं गेलं सोडून द्या. चला आमच्याकडं राहायला.”

ज्यासाठी मी किती रविवार डोकं फोडलं, ते शब्द. बाबांचं तोंड असं उजळलं की काय सांगू. “तुमी म्हणलात, पावलं बापू,” म्हणाले आणि उठून पिशवीत धोतरं कोंबायला लागले. खोटं कशाला बोलू, माझाही राग उतरायला लागला होता. मी फक्त विचारलं, “खालची खोली मोकळी केली का?”

नवऱ्याला खरंच नवल वाटलं. “ती कशी मोकळी होईल? छतात, भिंतीत वायरी गेल्यात. वरची देऊ की मामांना. वर हवा पण चांगली आहे.”

“आणि जिना?”

“दिवसातनं एकदा तर चढायचं.”

तो एवढं बोलला तोवर बाबा पिशवी घेऊन दारात आलेसुद्धा होते. घाईघाईनं म्हणाले, “चढंन की बापू. बसत बसत चढंन. एकदा वर गेलो की मंग खाली उतरायचं तरी काय काम हाय मला?”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. नवऱ्याला काहीच वाटलं नाही, तो गाडीची किल्ली शोधत होता. मी बाबांच्या हातातली पिशवी ओढून घेतली. “बाबा येणार नाहीत,” म्हणलं. “आणि मीही येणार नाही.”

“मामा हो म्हणायलेत, तुझं काय मधीच?”

“तुम्ही जा,” मी म्हणलं. “जा, तुमची मधली खुर्ची रिकामी आहे.”

तो गेला. बाबा माझ्यावर असे कडाडले की लहानपणीसुद्धा कधी कडाडले नव्हते. जावई दारातून रिकाम्या हातानं गेला, आता गावात तोंड कसं दाखवू, म्हणाले. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत.

मी अजून पेडगावातच आहे. बाबांशी माझं बोलणं कामापुरतं होतं. परवा ओसरीवर बसून शेजारणीला सांगत होते, “जावई सोता आल्ते मला न्यायला. दारात येऊन म्हणले, मामा चला. आमच्या लेकीनंच येऊ दिलं न्हाई.” मी आत भाकरी थापत होते. राग आला, लय राग आला. पण ‘सोता आल्ते’ म्हणताना त्यांची मान इतकी ताठ होती, की मी बाहेर जाऊन एक शब्द बोलू शकले नाही.