एका बाईच्या दोन ओळी

राज्य नवं झालं त्या हिवाळ्यात भोपाळहून रायपूरला ट्रक भरभरून फायली आल्या. आमच्या विभागाला ऑफिस म्हणून एक बंद पडलेली शाळा मिळाली होती. माझ्या खोलीत दोन कॉम्प्युटर, एक डुगडुगणारं स्टूल आणि भिंतभर फळा. मी चोवीस वर्षांची, कॉम्प्युटरचा डिप्लोमा नवाकोरा, आणि आपल्याइतकं शहाणं त्या इमारतीत दुसरं कोणी नाही अशी माझी पक्की समजूत.

काम असं होतं: विभागातल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची माहिती एका जागी आणायची, म्हणजे कोण इथे राहणार आणि कोण भोपाळला जाणार याची यादी निघेल. मी फळ्यावर खडूने चौकटी आखल्या. एक माणूस, एक ओळ. नेमणुकीचं, रजेचं, बदलीचं अशी बाकीची टेबलं त्या ओळीला येऊन जोडली जाणार. प्रश्न एवढाच, की ती ओळ ओळखायची कशावरून? त्या खुणेला प्रायमरी की म्हणतात, आणि अख्खा डोलारा तिच्यावर उभा असतो. भोपाळचे कर्मचारी क्रमांक अर्ध्या फायलींवर नव्हतेच. मग मी डोकं चालवलं. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि जन्मतारीख, तिन्ही मिळून एक खूण. तिन्ही जुळणारी दोन माणसं कुठे सापडणार? आमचे साहेब हिंदी भाषक, सज्जन माणूस. ते म्हणाले, "वाह मैडम!" आणि मी दोन दिवस हवेत होते.

माहिती दोन ठिकाणांहून भरली. जुनी सेवापुस्तकांवरून, सध्याची हजेरीपटांवरून. ज्या ओळीपुढे सध्याची जागा दिसेल तिला रायपुरात ठेवायचं, जिच्यापुढे रिकामं असेल तिला भोपाळच्या यादीत टाकायचं, असा नियम साहेबांनी सांगितला. मी तो तसाच्या तसा मशीनला सांगितला. यादी छापली, सह्या झाल्या, कागद वाटले गेले.

तिसऱ्या दिवशी आवक-जावक बघणाऱ्या काकू माझ्या दारात उभ्या. पंचेचाळिशीच्या, शांत बाई. दुपारी आम्ही एकत्र डबा खायचो आणि त्या मला बेटा म्हणायच्या.

"बेटा, हा कागद पाहा ना. मले भोपाळले हजर व्हाले सांगून राहिले."

मी वाचलं आणि हसले. "काकू, हे तं तुमचं नाव नाही. दुसऱ्या कोणाचं असंन."

"माह्यंच आहे. माहेरचं."

मी त्यांचं सेवापुस्तक शोधून काढलं. काकूंना नोकरी लागली तेव्हा त्यांचं लग्न व्हायचं होतं. सेवापुस्तक माहेरच्या नावाने उघडलं ते तसंच राहिलं. मग लग्न झालं. आपल्याकडे ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं नाव लिहितात. बाईचं नुसतं आडनाव नाही, पाळण्यातलं नावसुद्धा जातं. हजेरीपट त्या नव्या नावाचा. माझ्या खुणेच्या तीन भागांपैकी दोन एकाच मुहूर्तावर बदलले होते. मशीनच्या लेखी या दोन बायका होत्या. एक रायपुरात जागेवर बसलेली, पण मागची नोकरीच नसलेली. दुसरीच्या गाठीला वीस वर्षांची नोकरी, पण ती कुठेच बसत नव्हती, म्हणून चालली भोपाळला.

साहेबांच्या हे लक्षात आलं नाही ते मी समजू शकते. त्यांच्या घरी सुनेचं पहिलं नाव तसंच राहतं. पण मी? माझ्या आईला मामा एका नावाने हाक मारतात आणि बाबा दुसऱ्या. जन्मभर ऐकत आले होते. शहाणपण ऊतू गेलं होतं, दुसरं काय.

काकू स्टुलावर बसल्या. रायपूरबाहेर, बीरगांवच्या कारखान्यात त्यांचा नवरा पाळीवर काम करायचा. आई तात्यापाऱ्यात, म्हणजे शहरातल्या जुन्या वस्तीत, भाड्याच्या दोन खोल्यांत एकटी, दोन्ही डोळे गेलेले, आणि ती घर सोडून लेकीच्या सासरी यायला तयार नव्हती. काकू बीरगांवहून निघून आधी तिच्याकडे जात, तिला आंघोळ घालून, जेवू घालून मग ऑफिसला येत. संध्याकाळी पुन्हा तेच.

"मी भोपाळले गेली तं आईले कोण पाहीन?"

मी त्यांना साहेबांकडे नेलं. साहेबांनी भोपाळचा कागद आणि हजेरीपट बघितला आणि सोपा उपाय सांगितला, "भोपाल वाला नाम काट दो. बात खतम."

"हव, काटून टाक बेटा," काकू लगेच म्हणाल्या.

"काकू, तुमची वीस वर्षं त्याच ओळीले जोडली आहेत. ती काटली तं तुम्ही कालच नोकरीले लागल्यासारख्या व्हाल."

"होऊ दे. मले फक्त इथं राहू दे."

इतक्या सहज म्हणाल्या, की मला रडू आलं, आणि साहेबांसमोर रडू येतंय याचा भयंकर रागही आला. मी नाही म्हटलं. चूक माझी होती, काकूंनी का भरायची? दोन दिवस द्या, म्हटलं. साहेबांनी दिले.

मी फळा पुसला. माणसाची ओळख नावात ठेवायचीच कशाला? ज्याला काहीही अर्थ नाही असा साधा क्रमांक द्यायचा. त्याला लग्न नाही की सासर नाही. नावांचं टेबल वेगळं: क्रमांक, नाव, कधीपासून. एका क्रमांकाला हवी तितकी नावं. हे पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात असतं आणि परीक्षेत मी त्यावर पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. मग सारख्या जन्मतारखांच्या ओळी काढून एकेकीला जाऊन विचारलं. अशाच आणखी चौघीजणी निघाल्या, सगळ्या मराठी घरांतल्या. त्यातल्या दोघींनी कागद मुकाट्याने पर्समध्ये ठेवून दिला होता.

दुरुस्तीच्या पत्रावर साहेबांनी कुरकुर न करता सही केली आणि भोपाळला स्वतः फोनही केला. आठवड्याने होकार आला. मी काकूंना बोलावून कॉम्प्युटरचा पडदा दाखवला. एक क्रमांक, त्याखाली दोन नावं, वीस वर्षं, आणि जागा रायपूर. मी त्यांची माफी मागितली, पण त्यांचं लक्ष नव्हतं. चष्मा लावून, पडद्यावर बोट टेकवून त्यांनी माहेरचं नाव वाचलं. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्याने.

"घरी आता कोणालेच आठवत नाही हे. माह्या पोट्ट्यायले बी सांगता येनार नाही."

"मग काटून टाक, असं काहून म्हटलं तुम्ही?"

त्या पिशवी उचलून उठल्या. तात्यापाऱ्यात जायची वेळ झाली होती.

"कागदावरचं काटलं असतं, बेटा. पण या नावानं हाक मारनारं एकच माणूस राहिलं आता, अन् तिले दिसत नाही. ती आवाज देते, तं मी तिथं पाहिजे ना."