डी ड्राइव्हवरचं कुलूप

नलिनी सामंत अठ्ठावीस वर्षं बँकेच्या संगणक विभागात होत्या आणि तिथं त्यांचा धाक होता. कुठली फाईल कोणी उघडायची, कोणी नुसती वाचायची, हे त्या युनिक्स या संगणक-प्रणालीवर ठरवत. एकदा साहेबांनाही त्यांनी "तुम्हाला गरज काय?" असं तोंडावर विचारलं होतं. निवृत्तीनंतर मुलुंडच्या घरी त्यांच्या मुलानं, देवेशनं, विंडोजचा कॉम्प्युटर घेतला, दोघांची दोन लॉगिन केली, लग्नानंतर बायकोचं तिसरं, आणि आईसाठी त्यातच लिनक्स, म्हणजे युनिक्सचंच भावंड, घालून दिलं. काळ्या पडद्यावर जुने हुकूम चालताना बघून नलिनीताईंना माहेरी आल्यासारखं वाटलं.

त्या दुपारी त्या मेथी निवडत होत्या. सून गंधाली कॉम्प्युटरवरून म्हणाली, "आई, डी ड्राइव्ह भरलाय. तुमचं 'स्थळं' फोल्डर हलवू का?"

हातातली जुडी तशीच राहिली. "तुला कसं दिसलं ते? मी बंद केलंय!"

"कुठे बंद? आतली फाईलपण उघडते की."

नलिनीताई तरातरा आल्या, स्वतःच्या लॉगिनमध्ये शिरल्या आणि हुकूम दिला. उत्तर चोख आलं: मालक सोडून कुणालाही वाचायची परवानगी नाही. "हे बघ!"

"आता हे बघा." गंधालीनं आपलं लॉगिन उघडून माउसनं दोनदा टिचकी मारली. फाईल उघडली. सगळीच्या सगळी.

नलिनीताईंना उलगडलं. लिनक्सनं मनाई आपल्या वहीत लिहून ठेवली होती; ड्राइव्ह मात्र विंडोजचा. त्याची परवानग्यांची वही निराळी, आणि तिच्यात ही फाईल घरातल्या सगळ्यांना मोकळी. जन्मभर डोळे मिटून ज्या उत्तरावर विसंबल्या, ते इथं कुणी विचारतच नव्हतं.

देवेशसाठी पाहिलेल्या एकोणीस मुलींवरची टिपणं होती ती. सतरावी गंधाली. 'मुलगी चलाख. आई भोचक. एकदा राहायला आली की ठाण मांडेल.'

"कधी वाचलंस?"

"आधी माझ्या आईनं वाचलं. लग्नानंतर चार दिवस राहायला म्हणून आली होती ना? माझ्या लॉगिनवरून प्रिंट काढत होती. त्याच संध्याकाळी घाटकोपरला परत गेली."

तेव्हापासून दीड वर्ष गंधालीची आई, वनमालाबाई, यायच्या, खुर्चीच्या कडेवर बसून चहा घ्यायच्या आणि उठायच्या. आणि आपण सोसायटीभर सांगत सुटलो होतो, विहीण कशी समजूतदार मिळाली म्हणून!

"अगं, मग बोलली का नाहीस मला?"

"काय बोलू? आम्हाला वाटलं, मुद्दाम उघडी ठेवलीय. तुम्ही एवढ्या बँकेतल्या. तुमच्या हातून चुकून राहील होय?"

"मुद्दाम? दोघींनाही तसंच वाटलं?"

"दोघींनाही."

त्यांनी मेथी तशीच टाकली, साडी बदलली. घाटकोपरपर्यंत रिक्षात त्या एकच वाक्य जुळवत होत्या, आणि दर वेळी ते 'अहो, मी कुलूप लावलं होतं' इथूनच सुरू होत होतं.

वनमालाबाईंनी दार उघडलं. त्यांचा चेहरा बघितला आणि नलिनीताईंनी ते वाक्य गिळलं.

"मी वाईट लिहिलं," त्या उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या.

वनमालाबाई दारातून बाजूला झाल्या.