सोमवारच्या चार पुड्या

आमच्या घरात पोरांना सांगतात की आक्काचे कान तापाने गेले. शेजारपाजारचे म्हणतात, मळ्याच्या इस्पितळात औषधपाणी बघणाऱ्या ड्रेसरने तिला भलतंच औषध पाजलं. दोन्ही गोष्टी माझ्यासमोर कितीदा बोलल्या गेल्या आणि मी मान डोलावली. दोन्ही खऱ्या नाहीत. आक्का गेल्या श्रावणात गेली, म्हणून आता लिहितो. आधी लिहायचं नाही, असं तिनेच मला बजावलं होतं.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई गावीच वारली, तेव्हा आक्का आणि दाजी उसाच्या मळ्यावर मजुरीसाठी मला बरोबर घेऊन बेटाकडे जाणाऱ्या जहाजावर चढले. मी बारा वर्षांचा होतो. वाटेत मला हगवण लागली. माझ्या शेजारी निजणाऱ्या दोघांना एकाच दिवशी समुद्रात सोडलं. ते पाहून आक्काने शंकराला बोलून ठेवलं, धाकल्याचे पाय जमिनीला लागू देत, मी जन्मभर सोमवारी दिवेलागणीपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही. माझे पाय जमिनीला लागले. ऊस तोडायच्या दिवसांत, भर उन्हातसुद्धा तिने तो सोमवार कधी मोडला नाही.

आमचा मळा लालमती गावाच्या बाजूला होता. बेटावर थंडीतापाची मोठी साथ आली त्या वर्षी मी मळ्याच्या तबेल्यात कामाला होतो. घोडे सांभाळणाऱ्यांत राहून मला तिथली क्रिओल बोली चांगली यायला लागली होती. इस्पितळ आजाऱ्यांनी भरलं आणि ड्रेसरला आमच्या लोकांचं बोलणं कळेना, तेव्हा त्याने मला मागून घेतलं. इस्पितळ म्हणजे साखरेची जुनी कोठारं. भिंतींना काकवीचा वास, खाली फळ्या, त्यावर माणसं. मी फळीफळीवरून फिरायचो, याचं त्याला आणि त्याचं याला सांगायचो. लोक मला हाका मारायचे. ते मला फार आवडायचं.

ड्रेसर बेटावरच जन्मलेला क्रिओल होता, सडपातळ, सदा घाईत, पण वाईट माणूस नव्हता. औषध म्हणजे क्विनीन, कागदाच्या पुडीत. पहिल्याच दिवशी त्याने मला दोनदा बजावलं होतं की हे जास्त झालं तर कान वाजू लागतात. कुणाचे वाजले तर लगेच मला सांग, मी औषध थांबवतो.

आक्काला रविवारी तिथे आणलं. सोमवारी सकाळी ड्रेसरने तिच्या तीन पुड्या माझ्या हातात दिल्या, सकाळ, दुपार, संध्याकाळ. मी पहिली पुढे केली तर तिने तोंड फिरवलं.

"आज सोमवार," ती म्हणाली.

मी म्हटलं, "आजारी माणसाला उपास नसतो."

"मग तू कशाने जगलास?"

मी तिन्ही पुड्या तिच्या हातात दिल्या. तिने त्या उशाच्या गाठोड्यात ठेवल्या. दिवे लागले की घेते म्हणाली. दिवसाचं औषध दिवसात गेलं म्हणजे झालं, असं तिला वाटत होतं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

दुपारी तिला हुडहुडी भरली. फळी वाजायला लागली इतकी ती कापत होती. ड्रेसर आला, त्याने कपाळाला हात लावला आणि मला विचारलं, "ली फिन ब्वार?" प्यायली का ती?

औषध नाकारणाऱ्यांवर तो ओरडायचा, एकाला दोघांकडून धरवून, नाक दाबून पाजलेलं मी पाहिलं होतं. आक्काला कुणी परपुरुषाने असं धरावं, तिचा सोमवार माझ्यादेखत मोडावा, हे मला सहन होणार नव्हतं. शिवाय आपल्या बहिणीलाच हा औषध पाजू शकला नाही, असं त्याने म्हणू नये, हेही मनात होतंच.

"वी," मी म्हणालो. हो.

दोन पुड्या घेऊनही ताप चढतो म्हणजे औषध कमी पडतंय, असा त्याने अर्थ लावला. आणखी एक मोठी पुडी बांधून दिली, संध्याकाळच्या जागी ही दे म्हणाला. मी आक्काला फक्त एवढंच सांगितलं की ही पण घ्यायची आहे.

दिवे लागले. ती उठून बसली आणि म्हणाली, "सगळ्या एकदमच कालव. चारदा तोंड कडू कशाला करू?" मी चारही पुड्या तांब्यात ओतल्या, वर गुळाचा खडा टाकला. तिने एका दमात तांब्या रिकामा केला, तोंड वेडंवाकडं केलं आणि हसली.

सकाळी ताप नव्हता. पण ती डोकं धरून बसली होती. "कानात जहाज आलंय रे," ती म्हणाली. "तसाच आवाज, रात्रंदिवस पाण्याचा."

मला ड्रेसरचं सांगणं आठवलं. तो चार फळ्या पलीकडे उभा होता. तिचे कान वाजतात असं सांगितलं असतं तर त्याने हिशेब विचारला असता आणि कालचं खोटं बाहेर पडलं असतं. मी गप्प राहिलो. त्या दिवशीही त्याने मोठ्याच पुड्या दिल्या, त्याही मीच तिला कालवून दिल्या. गुरुवारी मी तिला हाक मारली तर तिने वळून पाहिलं नाही.

ड्रेसरने मला बाजूला घेऊन पुन्हा विचारलं, प्रत्येक पुडी वेळेवर घेतली होती ना? मी पुन्हा वी म्हणालो. पुढे लोकांनी त्याच्या नावाने बोटं मोडली आणि काही महिन्यांनी तो मळा सोडून गेला.

आक्काला दोन वर्षांनी मुलगी झाली. तिचं रडणं आक्काला कधी ऐकू आलं नाही. निजताना ती पोरीच्या छातीवर हात ठेवायची, पोर रडली की हाताला कळायचं. पहाटे जात्यावर मात्र ती गातच राहिली, हळूहळू सूर सुटत गेला, तरी. मी बाहेर बसून ऐकायचो.

तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघं अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. मध्येच ती म्हणाली, "त्या दिवशी तू त्याला वी म्हणालास. तेव्हा मला ऐकू येत होतं."

माझे हात थांबले. एवढा एक शब्द तर मळ्यावर सगळ्यांनाच कळायचा.

"उपास माझा होता," ती म्हणाली. "खोटं तुझं. वाटून घेऊ."

पोरांना सांगू का, असं मी खुणेने विचारलं.

"मी असेतो नको. पोरं तुझ्याशी बोलणं टाकतील. मला तर ऐकूच येत नाही. मग घरात बोलेल कोण कुणाशी?" आणि तिने माझ्या सुपातल्या शेंगा ओढून आपल्या पुढ्यात घेतल्या, कारण मी सोलत नव्हतो.

ड्रेसरने दिलेलं औषध ठीक होतं आणि त्याने वेळच्या वेळी विचारलंही होतं. उत्तर मी दिलं होतं. हे कागद मी आधी आक्काच्या मुलीला वाचून दाखवणार आहे. बोलणं टाकायचं झालं तर पहिला हक्क तिचा.