गॅरेजवरच्या गच्चीचा उतार

आमच्याकडे गाडी कधीच नव्हती, पण गॅरेज होतं. नव्वदीच्या सुरुवातीला नवीन पनवेलला घर बांधताना मामंजींनी ते हौसेने बांधून घेतलं. गाडी काही येईना, म्हणून तिथे मी शिवणक्लास सुरू केला. चार मशिनं, बेतायला लांब टेबल, दुपारी सोळा-सतरा मुली. माझं स्वतःचं म्हणावं असं त्या घरात तेवढंच होतं.

गॅरेजचा स्लॅब मात्र गळायचा. पावसाळाभर मशिनांवर प्लास्टिक आणि खाली बादल्या. एकदा एका नवरीच्या शालूवर गंजाच्या पाण्याचा डाग पडला. तिच्या आईचं बोलणं मी खाली मान घालून ऐकलं आणि त्याच संध्याकाळी ह्यांना सांगितलं, वरची गच्ची नीट करून द्या, नाहीतर क्लासला कुलूप लावते. मामंजींनाही वरच्या हॉलचं दार उघडून त्या गच्चीवर खुर्ची टाकायची होती, म्हणून एकदाचं जमलं.

जासईकडचा एक म्हातारा गवंडी आला. त्याने विटांचे तुकडे पसरले, कोबा घातला, रस्त्याकडच्या कोपऱ्याकडे उतार दिला. मगभर पाणी ओतायचा आणि उकिडवा बसून ते कुठे जातंय ते बघत राहायचा. शेवटी सगळी गच्ची बांध घालून सात दिवस पाण्याने भरून ठेवली. मी रोज टेबलावर चढून स्लॅबला खालून हात लावायची. ठणठणीत कोरडा! आठव्या दिवशी मी त्याला पुरणपोळी करून वाढली.

आणि मग तो वास्तुवाला आला. वास्तुशास्त्राचं खूळ तेव्हा नुकतंच घरोघर शिरत होतं. धाकट्या दिरांचं लग्न जमत नव्हतं, म्हणून मामंजींनी त्याला बोलावलं. होकायंत्र घेऊन तो गच्चीवर दोन चकरा मारून आला आणि म्हणाला, "पाणी नैऋत्येला जातंय. कार्य अडणारच. ईशान्येला काढा."

ईशान्येला म्हणजे घराच्या भिंतीला लागून. मी म्हटलं, "मामंजी, निदान गवंड्याला तरी विचारा." विचारलं. तो म्हणाला, "बाय, घराची भिंत वेगळी, गॅरेजची वेगळी. मधी सांधा हाय. पानी सांध्यावर नेलं तर आत येनारच. आमी नाय हात लावनार." आणि थापी पिशवीत टाकून तो चालता झाला. त्या घरात शहाणा माणूस तेवढा एकच होता, तोही गेला. आमचे हे सायन्सचे पदवीधर, पण वडिलांसमोर तोंडातून ब्र निघेल तर शपथ!

मामंजींनी दुसरा माणूस आणला. त्याने तो कोबा छिन्नीने फोडला आणि उतार घराच्या भिंतीकडे फिरवला. मी खाली मुलींना बाही कशी बेतायची ते दाखवत होते आणि डोक्यावर ठक ठक चाललं होतं. अजून आठवलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते.

जुलैत व्हायचं तेच झालं. सांध्यातून पाण्याची धार लागली, थेट मशिनांवर. क्लाससाठी दाराला घातलेल्या उंबऱ्यामुळे पाणी बाहेरही जाईना, घोट्याएवढं साचून राहिलं. मशिनं गंजली, मुली एकेक करून यायच्या बंद झाल्या. मामंजी म्हणाले, "सूनबाई, थोडं सोसावं. घरात कार्य व्हायचंय." सोसायचं कुणी, तर मी! कार्य मामंजींच्या मुलाचं आणि बुडाला माझा क्लास.

श्रावणात एक स्थळ घर बघायला आलं. मुलगी आणि तिचे आईवडील. वरच्या हॉलमध्ये बसले, गच्चीचं कौतुक झालं. मामंजींनी पाणी ईशान्येला कसं काढलं तेही रंगवून सांगितलं. मी चहाचा ट्रे घेऊन आत आले, तेव्हा मुलीच्या आईने विचारलं, "मोठ्या सूनबाई काय करतात?"

"काही नाही," मामंजी म्हणाले, "घरीच असते."

पाच वर्षं मी त्या गॅरेजमध्ये पाठीचा काटा ढिला केला होता. ह्यांच्याकडे बघितलं, तर हे बशीतली बिस्किटं नीट लावत होते. ट्रे टेबलावर ठेवला तो जरा आपटलाच.

"घरी नसते हो मी," मी म्हटलं. "खाली गॅरेजमध्ये माझा शिवणक्लास होता. चला, दाखवते ना. फक्त साड्या जरा वर धरा, आत पाणी आहे."

मामंजी हसले, मी गंमत करतेय असं दाखवायला. मुलीच्या आईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग कप खाली ठेवला, निऱ्या उचलल्या आणि ती माझ्यामागून जिना उतरायला लागली.