आतल्या खोलीत लावलेलं कुंकू

यादी करणं मले फार चांगलं जमते, हे आधीच सांगून टाकते. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, तेव्हापासून मी सचिवालयात कारकून. पुढं मंत्रालय नव्या रायपुरात गेलं, तशी मीही गेली. आयुष्यभर नावं लिहिली अन् नावांसमोर खुणा केल्या. म्हणून आमच्या मराठी मंडळात कोणतीही यादी निघाली की अध्यक्षबाई म्हणायच्या, "ताईले द्या." मी लगेच खुश. हरभऱ्याच्या झाडावर चढायले मले शिडी लागत नाही.

त्या वर्षी मंडळात एक पाहुणे भाषण द्यायले आले. म्हणाले, आदिवासी पाऱ्यांमध्ये, वस्त्यांमध्ये, मिशनवाले जाऊन पोचले अन् आपण झोपून राहिलो. ते भोळे लोक आहेत, जो आधी पोचंल त्याचे होतात. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं काहून बोलू? मग ठरलं की संक्रांतीचं हळदीकुंकू यंदा शहराच्या कडेच्या बीरगांवात, सवाष्ण-विधवा न पाहता, आदिवासी घरांमध्ये करायचं. वाण म्हणून स्टीलचा डबा, अन् सोबत देवाची एक फ्रेम.

घरं शोधायचं काम माझ्याकडं. मतदारयादी घेतली, लाल पेन्सिल घेतली अन् दोन दुपारी बसून खुणा केल्या. आडनाव गोंडाचं वाटलं की खूण. बिहारी सोडला, ओडिया सोडला, तेली-कुर्मी सोडले. कोण काय मानते, कोणाले काही पाहिजे का, असा रकानाच त्या यादीत नव्हता. आडनाव पुरे होतं.

त्यातली एक खूण माझ्या मैत्रिणीच्या घरावर पडली. ती माझ्याच शाखेत, बाजूच्या टेबलावर. कांकेरकडची गोंड. नवरा गेल्यावर बीरगांवात आईजवळ येऊन राहिली. वडिलांनी कारखान्यात नोकरी करून तिथं घर बांधलं होतं. तेही वारले होते. रोज तेलीबांध्याहून आम्ही कर्मचाऱ्यांच्या बसनं सोबत जायचो, डबा वाटून खायचो. माझ्या हातचा झुणका तिले आवडे, तिच्या घरची चेच नावाची पालेभाजी मले. इतकी वर्षं सोबत बसली, पण घरी येऊ का, असं मी तिले कधी विचारलं नव्हतं. यादी हातात आल्यावर विचारायची गरजच वाटली नाही. मले तर वाटलं, अगं बाई, किती खुश होईल ही!

आम्ही पाचजणी गेलो. रविवार होता, पण ती नेमकी बाजारात गेली होती. घरी तिची आई एकटी. म्हातारी गोंधळली. पाच नट्टापट्टा केलेल्या बाया दारात, एकीच्या हातात मोबाइल, फोटो काढणं सुरू. तिनं खुर्च्या मांडल्या, पाणी दिलं. आता आमच्यात रीत अशी की हळदीकुंकवाले कोणाच्या घरी गेलं की आधी देवाले कुंकू लावायचं, मग माणसाले. लहानपणापासून अंगात भिनलेलं. मी चपला बाहेर काढल्या होत्याच. म्हातारीले म्हटलं, "अम्मा, भगवान किधर है?" अन् उत्तराची वाट न पाहता पडदा सारून आतल्या खोलीत शिरली.

खोली सारवलेली, स्वच्छ. कोपऱ्यात मातीचं एक मडकं, बाकी काही नाही. मूर्ती नाही, फोटो नाही. माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला सांगू? मिशनवाल्यांनी हिचे देव फेकायले लावले! मले भरून आलं. मी ती फ्रेम मडक्याले टेकवून ठेवली, भिंतीवर कुंकवाची पाच बोटं ओढली, मडक्याच्या गळ्यालेही कुंकू लावलं. मागून फोटो निघाला. अन् म्हातारी पडद्याजवळ उभी राहून "नहीं बाई, नहीं बाई" करत होती. हात जोडले होते तिनं. आम्हाले वाटलं, संकोच करून राहिली. फोटोत ते जोडलेले हात फार छान आले.

सोमवारी बसमध्ये मैत्रीण माझ्या बाजूले बसली नाही. मी उठून तिच्याजवळ गेली. ती हिंदीत बोलली, मी माझ्या भाषेत सांगते.

"त्या मडक्यात माझे बाबा आहेत," ती म्हणाली. "त्यांचे बाबा आहेत. आमच्यात माणूस मेला की त्याले परत घरात आणून बसवतात. लग्न झालेली पोरगी दुसऱ्या घराण्याची होते, म्हणून तिलेही त्या खोलीत जाता येत नाही. मी नऊ वर्षांपासून या घरात राहून राहिली, पण तिथं माझा पाय नाही. अन् तू गेली."

मी म्हटलं, "मले माहीत नव्हतं."

"विचारलं असतं तर माहीत झालं असतं. तुझ्या बाजूच्या बंगल्यात सिंधी राहतात. त्यांच्या घरी गेली होती फ्रेम घेऊन?"

"नाही."

"वरच्या मजल्यावरच्या बंगाल्याकडं?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"मागच्या वर्षी प्रार्थनावाले आले होते. तेही आमचीच चार घरं शोधत आले. त्यांनीही हेच विचारलं, घरात देव नाही का? त्यांले वाटलं आम्ही रिकामे, तुम्हाले वाटलं आम्हाले कोणी रिकामं केलं. माझी एक वहिनी जाते प्रार्थनेले. स्वतःच्या मर्जीनं गेली, तिचं ती पाहील. पण तुम्ही लोक मर्जी विचारायले येतच नाही. जात पाहून येता."

खरं सांगते, मले त्या वेळी रागच आला. म्हटलं, मी काय वाईट केलं, उलट पदरचे पैसे घालून गेली. दिवसभर फाइलींमध्ये तोंड खुपसून बसली. संध्याकाळपर्यंत राग उतरला अन् लाज चढली. लाज रागापेक्षा वाईट, तिले कोणावर काढता येत नाही.

दोन दिवसांनी तिनंच पुढचं सांगितलं. गावाहून तिचे मोठे काका आले होते, घराण्यात मोठे तेच. त्यांनी भिंतीवरचं कुंकू पाहिलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. घरच्या बाईनं हे बोलावून करून घेतलं असेल, तर या घरातली जागा मोडली. वडलांचं मडकं गावी जाईल अन् ही म्हातारी मेल्यावर तिले त्यांच्याजवळ बसवणार नाहीत. परक्या बाईनं आपल्या मनानं केलं असेल, तर त्या बाईनं रविवारी घराण्यासमोर येऊन तसं सांगावं.

"आई जेवून नाही राहिली," मैत्रीण म्हणाली. "एकच विचारते, मी कुठं जाऊ? मरायची भीती नाही तिले. मेल्यावर बाबाजवळ जागा नाही, याची आहे. तू येशील का?"

"येईन."

"माझ्यावर उपकार म्हणून येऊ नको. आमच्या वतीनं भाषणही देऊ नको. जे केलं तेवढं सांग."

रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मंडळाची बैठक होती. मी पोचली तर हॉलच्या मधोमध भलं मोठं फ्लेक्स पसरून ठेवलेलं. त्यावर मी, पाठमोरी, भिंतीले कुंकू लावून राहिली. बाजूले म्हातारी हात जोडून. खाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'घरी परतलेलं कुटुंब'. पुढच्या आठवड्यात मोठा कार्यक्रम, त्यात म्हातारीले मंचावर बोलावून ओटी भरायची, हेही ठरलेलं. तिले कोणी विचारलेलं नाही. काहून विचारतील? मी तरी कुठं विचारलं होतं.

मी म्हटलं, "हे लावायचं नाही. ही बाई कुठंच गेली नव्हती, तर परतंल कुठून? ती आपल्या घरात होती. घुसलो आपण."

अध्यक्षबाई हसल्या. "ताई, इतकं मनाले नका लावून घेऊ. नकळत झालं. हेतू चांगला होता ना?"

"हेतू चांगला होता, तर आडनावं पाहून काहून गेलो? या खोलीत बसलेल्या एकीच्या तरी घरी आजपर्यंत कोणी तिले सुधारायले आलं का? माझ्या घरी नाही आलं. मी सकाळी पूजा करते का झोपून राहते, कोणाच्या बापाचं काही जात नाही. त्यांच्याच घरी जो तो उठतो अन् जातो. एकजण पुस्तक घेऊन, दुसरा फ्रेम घेऊन. दोघांले पक्कं माहीत की या जातीत जन्मलेल्या माणसाले स्वतःचं काही नसते."

"म्हणजे आपण भेदभाव करतो?" एक बाई तडकल्या. "भेदभाव म्हणजे दूर लोटणं. आपण तर जवळ करून राहिलो!"

"जात पाहून कोणाले दाराबाहेर बसवलं तर भेदभाव, अन् जात पाहून त्याच्या घरात घुसलं तर सेवा?" माझा आवाज चढला होता, चढू दे. "यादी मी केली, बाई. लाल पेन्सिल माझी. मले माहीत आहे आपण काय पाहून निवडलं ते."

"मग मिशनवाल्यांले सांगा ना जाऊन! त्यांच्यासमोर नाही चालत का जीभ?"

"चालंल. ते माझ्या हातची यादी घेऊन गेले असते, तर त्यांच्यासमोरही चालली असती. मी आपल्या घरचं झाडून राहिली."

कोणी म्हटलं ताईले बीपीचा त्रास आहे. कोणी म्हटलं हिले तिकडच्यांनी फितवलं. हे बरं असते; बाई खरं बोलली की तिचं बीपी वाढलेलं असते. मी खाली बसली, फ्लेक्सची गुंडाळी केली अन् काखेत मारली. अध्यक्षबाई ओरडल्या, "अहो, ते मंडळाचं आहे!" मी म्हटलं, "त्यात पाठ माझी आहे," अन् निघाली. तेव्हापासून मंडळाचं मले निमंत्रण नाही. माफी मागितली तर परत घेऊ, असा निरोप आला होता. मी नाही मागितली. माफी ज्यांची लागत होती ते लोक वेगळे होते.

आमचे हे घरी म्हणाले, "इतक्या वर्षांचं मंडळ, एका मडक्यापायी सोडते?" मी म्हटलं, "तुमच्या आईच्या फोटोवर उद्या कोणी येऊन आपला देव चिकटवला, तर मडकं म्हणाल का?" मग त्यांनीच रविवारी स्कूटरनं बीरगांवले सोडून दिलं.

अंगणात वीस-पंचवीस माणसं बसलेली. मैत्रीण एका कडेले. म्हातारी भिंतीले टेकून, आठवड्यात अर्धी झालेली. काकांनी मले बसायले सांगितलं नाही. मी उभ्यानंच बोलली. या घरातल्या कोणीही बोलावलं नव्हतं. अम्मा नाही-नाही म्हणत होती, मी ऐकलं नाही. हात माझा, कुंकू माझं, फ्रेम माझी. फ्लेक्स उघडून दाखवलं, हे खोटं आहे म्हणून सांगितलं अन् त्यांच्या हवाली केलं. मले वाटलं, झालं, सुटली.

काकांनी विचारलं, "इस मोहल्ले में दो सौ घर हैं. इसी घर में क्यों आई?"

घशात सोपी उत्तरं तयार होती. मैत्रिणीचं घर म्हणून. संक्रांत म्हणून. प्रेमानं. सगळी अर्धी खरी. मी मैत्रिणीकडं पाहिलं, तिनं नजर खाली घेतली. म्हणजे तिलेही माहीत होतं की खरं काय ते आता मलेच बोलायचं आहे.

"क्योंकि आप लोग गोंड हो," मी म्हटलं. "नाम देखकर निशान लगाया था. और कुछ नहीं देखा."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी कितीतरी जबाब टाइप केले, पण स्वतःचा पहिल्यांदा दिला. काका बाकीच्यांकडं वळून म्हणाले, घरवाल्यांचा दोष नाही.

ते म्हातारीले घेऊन आत गेले. फ्रेम बाहेर आली, कापडात नीट गुंडाळून माझ्या हातात दिली गेली. मग पडदा पडला अन् आत सारवण्याचा, हलक्या आवाजात बोलण्याचा आवाज येत राहिला. मैत्रीण अन् मी अंगणातच. आम्हा दोघींलेही आत जागा नव्हती, तिची तिच्या रीतीनं अन् माझी माझ्या करणीनं.

तासाभरानं म्हातारी बाहेर आली. चेहरा धुतल्यासारखा. पोरीले म्हणाली, "मोर जघा बाँचगे." माझी जागा वाचली. अन् रडायले लागली. मीही रडली, लाज कशाची?

निघताना मी तिच्या पायाशी वाकली अन् म्हटलं, "अम्मा, मी पुन्हा येऊ का?"

तिनं डोळे पुसले, मले नीट पाहून घेतलं.

"बलाहूँ, तब आबे," ती म्हणाली. बोलावीन, तेव्हा ये.

"हव," मी म्हटलं.

अजून बोलावणं आलं नाही. मी गेली नाही.